बारक्याचं झाड

१

रविवारी सकाळी आमच्या घरात दोन कामं ठरलेली. बाबा शिलाई मशीन उघडून तिला तेल पाजतात, आणि बारक्या मागच्या दाराच्या चौकटीला पाठ लावून ताठ उभा राहतो. मी त्याच्या डोक्यावर लाकडी पट्टी आडवी धरायची आणि पट्टीखाली पेन्सिलीनं रेघ मारायची. रेघ पुरी व्हायच्या आत तो वळणारच.

"ताई, वाढलो?"

"वाढलास रे. असाच वाढलास तर तुला शिडी लावून भरवावं लागेल."

बारक्या माझा भाऊ. वय आठ, पण दिसतो सहाचा. शाळेत त्याला 'अर्धं तिकीट' म्हणतात. मी पंधराची. माझं शाळेशी काही जमलं नाही. नववीला दोनदा बसले, दोनदा शाळेनं उठवलं. तेव्हापासून बाबांच्या दुकानात काज-बटण करते. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. मागं स्वयंपाकघर, मग मागचं दार, दाराबाहेर आईचा वाफा आणि वाफ्याला लागून कुंपणाची भिंत. वर एक खोली, ती आम्हा दोघांची.

खोड्या काढायचं मला जन्मापासून व्यसन. दुकानातला पुतळा मी एकदा संडासात बसवला होता, हातात पेपर देऊन. बाबांनी दार जरासं उघडलं, कुणीतरी बसलंय बघून झटकन लावलं आणि दहा मिनिटं बाहेर "आटपा हो पाहुणे" म्हणत उभे राहिले. दुसऱ्यांदा मी त्यांच्या टेपचा पहिला इंच कापून टाकला. माप टेपनं घ्यायचं, कापड पट्टीनं आखायचं, त्यामुळं त्या आठवड्यात गल्लीतल्या सगळ्या बाप्यांच्या पॅंटी जमिनीवर लोळायला लागल्या. मार खाल्ला. पण हसू काही थांबेना.

चौकटीवरची रेघ हीसुद्धा माझीच खोडी. बारक्या एकदा शाळेतून रडत आला, म्हणाला, मी वाढतच नाही. मग मी दर शनिवारी दुपारी गुपचूप जुनी रेघ पुसायची आणि बोटभर खाली मारायची. रविवारी तो उभा राहिला की रेघेच्या वर. गडी खूश. आख्ख्या जन्मात मी एवढी एकच खोडी कुणाच्या भल्यासाठी काढली.

२

झाड कुणी लावलं नव्हतं. आईच्या वाफ्यात टोमॅटो, पुदिना आणि दोन गुलाब. त्या टोमॅटोंच्या मधोमध एक दिवस बोटाएवढा कोंब दिसला. आई तण म्हणून उपटायला निघाली तर बारक्या आडवा पडला.

"माझं आहे ते. मी आधी बघितलंय."

"तण आहे रे ते."

"असू दे. माझं तण आहे."

मला काय, कारण मिळालं. मी त्याला म्हटलं, "याच्याशी शर्यत लाव. रोज सकाळी त्याला पाठ लावून उभा राहा. बघू आधी कोण वाढतंय." तो खरंच उभा राहायला लागला. दप्तर पाठीवर टाकायच्या आधी चड्डीवर वाफ्यात जायचा, त्या कोंबाला पाठ करून ताठ. मी खिडकीतून बघून पोट धरून हसायचे.

तीन आठवड्यांत कोंब त्याच्या गुडघ्याला आला. दोन महिन्यांत माझ्या खांद्याला. मग एका सोमवारी मी कपडे वाळत घालायला गेले आणि वर बघून बोलावं लागलं. बोलावं लागलं म्हणजे, मी झाडांशी बोलत नाही. पण "अगं बाई" एवढं तोंडातून निघालंच.

शेजारच्या बंगल्यात काम करणारे माळीकाका भिंतीवरून डोकावले. पान चुरगाळून त्यांनी वास घेतला, पुन्हा घेतला.

"कसलं झाड आहे काका?"

"रानटी असेल काहीतरी." त्यांनी पान टाकून हात पॅंटला पुसला. एकदा पुसला, मग परत पुसला. "असली झाडं भराभर वाढतात आणि भिंत खातात. लहान आहे तोवर काढा."

"लहान? तुमच्यापेक्षा उंच आहे."

"तेच म्हणतोय मी," काका म्हणाले.

३

तो रविवार मला पक्का आठवतो, कारण आदल्या शनिवारी मी रेघ खाली केली होती. विसरले असते तर गोष्ट वेगळी. पण मी स्वतः पुसली, थुंकी लावून पुसली, आणि बोटभर खाली नवी मारली.

बारक्या उभा राहिला. मी पट्टी टेकवली. पट्टी रेघेच्या खाली आली.

"टाच टेकव नीट."

"टेकवलीय."

"मान वर कर."

"केलीय गं. वाढलो का?"

मी पट्टी घट्ट दाबली, सैल केली. बसून बघितलं, उभी राहून बघितलं. मी खोटी रेघ मारली होती, खरी उंची तिच्या वर बोटभर होती. आणि पोरगं त्या खोट्या रेघेच्याही खाली होतं. नखभर नाही, चांगलं अर्धं बोट.

"वाढलास," मी म्हटलं.

तो नाचत वाफ्यात गेला. मी चौकटीपाशी उभी राहून स्वतःला समजावत होते की शनिवारी माझा हात चुकला असेल. बाहेर वारा नव्हता, दोरीवरचे कपडे सरळ लटकत होते. तरी झाडाची पानं बारीक वाजत होती. बाबा खडूनं कापडावर आखताना जसा आवाज होतो, तसा.

४

माझा माझ्यावर विश्वास नाही, हे मी कबूल करते. इतक्या रेघा पुसल्या की खरी कुठली हे मलाच कळेना. म्हणून मी आमच्या वरच्या खोलीत, कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला ब्लेडनं खाच पाडली. बारक्याला म्हटलं, ही गुप्त मोजणी, कुणाला सांगायचं नाही. ब्लेडची खाच मला पुसता येत नाही. कुणालाच येत नाही.

सात दिवसांनी तो त्या खाचेच्या बोटभर खाली होता. चौदा दिवसांनी अडीच बोटं.

मग मला दुसरं काहीतरी आठवलं. शाळा सुरू झाल्यापासून बारक्याची पॅंट मी तीनदा वर दुमडून शिवली होती. "ताई, पॅंट पायात येते," म्हणून तो यायचा आणि मी सुई-दोरा घेऊन बसायची. दर वेळी हसत. बाबा पोरांचे कपडे नेहमी वाढत्या मापाचे शिवतात. बाही चार बोटं लांब, पॅंटला आत भरपूर दुमड, म्हणजे दोन वर्षं बघायला नको. गल्लीतली सगळी पोरं बाबांच्या हातचे ढगळ कपडे घालून मोठी झाली. त्यामुळं पोरगं कपड्यांत हरवलेलं दिसलं तर आमच्या घरात कुणाला काही वाटत नाही. उलट बाबा खूश होतात, म्हणतात, अजून एक वर्ष निघेल.

मी बाबांना म्हटलं, "बारक्याची पॅंट परत मोठी झाली."

"पॅंट मोठी होत नसते गं. कापड आटतं, वाढत नाही."

"मग तो बारीक झाला."

"जेवत नाही नीट." तोंडातल्या टाचण्या सांभाळत ते म्हणाले. "आणि मला सांग, टेप कुठाय माझी? नवी आहे हां ती. कापलीस तर याद राख."

५

आईला मात्र काहीतरी जाणवलं. आई दवाखान्यात सकाळी नावं लिहून घ्यायचं काम करते, आजारी माणसाचा चेहरा तिला लांबून ओळखू येतो. ती एक दिवस बारक्याला अंघोळ घालत होती आणि एकदम थांबली. मग त्याचा पाय हातात घेऊन बघत बसली.

"याचे बूट मोठे नाही का होत?"

"मी कागद घालतो पुढं," बारक्या म्हणाला. "ताईनं शिकवलं."

मी शिकवलं होतं. खोटं कशाला बोलू.

ती त्याला तिच्याच डॉक्टरांकडं घेऊन गेली. मीही गेले. डॉक्टरांनी वजन केलं, भिंतीला लावलेल्या पट्ट्यावर उंची बघितली, मग जुना कागद बघितला आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"मागच्या वेळी बूट घालून मोजलं असणार."

"तेव्हा मीच मोजलं होतं डॉक्टर," आई म्हणाली.

"मग घाईत मोजलं असेल. माणूस आठव्या वर्षी खाली येत नाही." ते हसले. "खाली यायला त्याला अजून साठ वर्षं आहेत."

आईपण हसली. डॉक्टरांपुढं हसावं लागतं म्हणून. रस्त्यानं येताना तिनं बारक्याचा हात एवढा घट्ट धरला होता की तो "आई, दुखतंय" म्हणाला तरी तिनं सोडला नाही. घरी आल्यावर तिनं माझ्याकडं बघितलं.

"तू काही केलंस का गं? त्या मोजपट्टीला?"

"दवाखान्यातल्या भिंतीला मी काय करणार आई?"

"तुझा नेम नाही," ती म्हणाली.

६

झाडाचा विषय त्याच रात्री जेवताना निघाला. आईला ते नकोच होतं. टोमॅटोला ऊन मिळेना, गुलाब वाळले, आणि भिंतीला तळापासून चीर गेली होती. बाबांना हवं होतं, कारण मागची खोली गार राहते.

"एवढी सावली विकत घ्यायला गेलीस तर मिळणार नाही," बाबा म्हणाले.

"आणि भिंत पडली म्हणजे?"

"भिंत त्यांची आहे, शेजाऱ्यांची."

"पडेल आपल्या अंगावर."

"मग काढायचं की ठेवायचं ते एकदा ठरवा," मी म्हटलं. "माझं मत, काढा. उद्याच काढा."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी घरात कधी कशावर मत देत नाही, मी फक्त बिघडवते. पण मला ते झाड नको होतं. का, ते मला सांगता आलं नसतं. झाडामुळं पोर आटतं, असं मनातल्या मनात म्हणून बघितलं तरी माझं मलाच हसू येत होतं. मी टेपनं झाड मोजूनही बघितलं होतं. बारक्या आठवड्याला बोट-दीड बोट कमी होत होता, झाड हातभर वाढत होतं. काहीच जुळत नव्हतं. जुळत नव्हतं तरी रोज सकाळी तो तिथं पाठ लावून उभा राहत होता, आणि मला आता खिडकीतून हसायला येत नव्हतं.

"नको," बारक्या म्हणाला. ताटात पाणी पडलेलं बघून कळलं की तो रडतोय. "तोडू नका. वरून सगळं दिसतं."

"कशावरून रे?" बाबांनी विचारलं. "चढतोस की काय? फांद्या केवढ्याशा आहेत, मोडून पडशील."

"नाही चढत."

"मग?"

"दिसतं," तो म्हणाला. "भिंतीपलीकडं बंगल्याच्या गच्चीवर एक निळी बादली आहे. तिच्यात पाणी आहे आणि पाण्यात एक चप्पल आहे. एकच."

आईनं डोळे पुसले त्याचे. "स्वप्न पडलं असेल माझ्या राजाला."

बाबांनी हात धुतले आणि ठरवून टाकलं. "चला, काढू. माळीकाकांना सांगतो. रोज रडारड नको."

७

बंगल्याची गच्ची आमच्या घरातून दिसत नाही. आमच्या छतावरूनही नाही, मध्ये त्यांची पाण्याची टाकी येते. दुसऱ्या दिवशी मी आधी छतावर चढून खात्री केली. मग भर दुपारी माळीकाकांना थाप मारली की आमचा टॉवेल उडून तुमच्या गच्चीवर गेला.

"वारा कुठाय?" काका म्हणाले.

"सकाळी होता."

ते पायऱ्या चढेपर्यंत मी त्यांच्या पुढं धावले. गच्ची तापली होती, पाय भाजत होते. एका कोपऱ्यात मोडकी खुर्ची होती, आणि खुर्चीच्या मागं निळी बादली. मी लगेच आत बघितलं नाही. आधी मागं वळून आमच्या बाजूला बघितलं. टाकीच्या कडेनं झाडाचा फक्त शेंडा डोकावत होता. टोकाची चार-पाच पानं.

मग बादलीत बघितलं. पाणी हिरवं झालं होतं.

"आहे का टॉवेल?" काका धापा टाकत वर आले.

"नाही. काका, ही चप्पल कुणाची?"

"काय माहीत. दुसरी मीपण शोधतोय." त्यांनी माझं तोंड बघितलं. "काय झालं गं? ऊन लागलं का?"

"तुम्ही झाड काढायला कधी येताय?"

"आज फक्त खालची फांदी मोकळी करतो. उद्या सकाळी मोठी करवत आणतो, बुंध्याला हात घालू."

"आजच नाही का जमणार?"

"एकट्यानं कसं? तुझ्या बाबांनी दोर धरायला हवा."

८

काकांनी फांदी कापली तेव्हा मी मुद्दाम बारक्याजवळ बसले होते. त्याला दिसू नये म्हणून स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं होतं. तो टेबलापाशी चित्र काढत होता. तो डावखुरा आहे, डाव्या हातात तांबडा खडू होता. बाहेर करवत चालू झाली. खर्रर, खर्रर. बारक्यानं मान वर केली नाही. मग फांदी मोडल्याचा आवाज आला, आणि त्याच क्षणी खडू त्याच्या हातातून सुटून फरशीवर पडला.

तो खडूकडं बघत राहिला. मग हाताकडं.

"उचल ना," मी म्हटलं.

"ताई, माझा हात झोपला."

मी हात चोळला. बोटं ओढली, गुदगुल्या केल्या. हात गार नव्हता, सुजलेला नव्हता. फक्त मी सोडला की टेबलावरून घसरून खाली लोंबायचा, रिकाम्या बाहीसारखा.

"मुंग्या येताहेत का?"

"नाही. काहीच येत नाही." तो घाबरला नव्हता, तेच वाईट. "उठेल तो थोड्या वेळानं."

मी बाहेर गेले. काका कापलेल्या जागेवर अंगठा फिरवत उभे होते.

"कोरडं आहे," ते म्हणाले. "एवढं हिरवं झाड. चीक यायला पाहिजे, पाणी तरी यायला पाहिजे."

रात्री झोपेपर्यंत बारक्याचा हात उठला नाही. सकाळीही उठला नाही. "अंगाखाली आला असेल," आई म्हणाली, तरी त्याचा हात चोळतच होती. "मोठे डॉक्टर संध्याकाळीच बसतात, तेव्हा नेते. आज रजा घेतलीय, सकाळी ते झाड एकदाचं जाऊ दे, मग मी मोकळी."

९

मी बाबांना गाठलं तेव्हा साडेसात वाजले होते. ते दुकानात पडदा सरकवत होते.

"बाबा, झाड तोडू नका."

"परवा तूच म्हणालीस ना, उद्याच काढा?"

"तेव्हा मला माहीत नव्हतं."

"काय माहीत नव्हतं?"

मी सगळं सांगितलं. रेघा, खाचा, पॅंट, बादली, खडू. असं एका दमात खरं बोलायची मला सवय नाही. बाबा ऐकत होते. सगळं ऐकून झाल्यावर ते खुर्चीत बसायला गेले आणि बसायच्या आधी त्यांनी गादीवरून हात फिरवून बघितला, टाचणी तर नाही ना म्हणून.

मला तिथंच कळलं की झालं.

"भावाच्या आजारपणावर थट्टा करू नये बाळा," ते म्हणाले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"खरं सांगतेय बाबा. गळ्याशपथ."

"पुतळ्याच्या वेळीपण गळ्याशपथच घेतली होतीस."

आता माझ्यापुढं दोन गोष्टी होत्या. झाड राहिलं तर बारक्या दर आठवड्याला बोट-दोन बोटं कमी होणार, आणि ते कुठवर, हे मी मनात आणत नव्हते. झाड गेलं तर एक फांदी गेल्यावर जे झालं ते सगळंच. किंवा दोन्ही माझ्या डोक्यातले खेळ. पोराला काहीतरी आजार असेल, त्याला औषध असेल, आणि मी वेडी असेन. मला खरोखर वेडी असायचं होतं. पण खात्री करायला एकच वाट होती, करवत चालू द्यायची आणि बारक्याकडं बघत बसायचं. ते मला जमणार नव्हतं.

काका नऊला येणार होते. माझं खरं बोलून भागलं नाही. खोटं बोलायला मला कुणी शिकवायची गरज नाही.

आईची पाणी घालायची नळी मी नळाला लावली आणि तिचं दुसरं टोक वाफ्यात पुरायला बसले, बुंध्याच्या अगदी कडेला. खुरप्यानं वीतभर खणलं तर मुळं लागली. ती बाजूला सरकवायला हात घातला आणि झटकन काढून घेतला. सकाळची वेळ, ओली माती, भिंतीची सावली. मुळं गार असायला हवीत.

मी परत हात घातला. घालावाच लागला. नळीचं तोंड त्यांच्या मधे सारलं, वर माती दाबली, नळीवर पालापाचोळा ओढला, आणि नळ अगदी थोडा सोडला.

माळीकाका करवत आणि कुदळ घेऊन आले. बाबांनी दोर खांद्याला टाकला. आई दारात उभी. काकांनी आधी मुळं मोकळी करायला कुदळीचा पहिला घाव घातला आणि मातीतून पाणी उसळलं. दुसरा घाव, अजून पाणी. काकांच्या चपला भिजल्या.

"थांबा, थांबा! पाइप फुटला!" काका ओरडले.

"इथून पाइप जातो?" बाबा म्हणाले.

"मुळांनी धरलाय हो. आख्ख्या गल्लीचा असेल." काका मागं सरले. "हे आता माझं काम नाही. नळवाल्याला बोलवा. त्यानं पाणी बंद केल्याशिवाय मी हात लावणार नाही, उद्या लोक मला धरतील."

"नळवाला कधी मिळणार?" आई कपाळाला हात लावून म्हणाली.

"दोन दिवस तरी जातील."

दोन दिवस. बाबांनी माझ्याकडं बघितलं, बराच वेळ. मी खाली बघितलं. खोडी काढून हसू आलं नाही, पहिल्यांदाच.

१०

काका गेले. आई फोन शोधायला पुढं गेली, बाबा दोर गुंडाळत तिच्या मागं. मी गुपचूप नळ बंद केला आणि हाताला माती तशीच, वर पळाले.

बारक्या पलंगावर झोपला होता. दिवसा कधी झोपत नाही तो. चादर गळ्यापर्यंत घेतलेली, आणि चादरीखाली जे उंचवट्यासारखं दिसत होतं ते पलंगाच्या अर्ध्यापर्यंतही जात नव्हतं. पाय पोटाशी घेतले असतील. मी चादर उचलून बघायला हवी होती. हात पुढं केला आणि तसाच ठेवला.

"बारक्या," मी हळूच हाक मारली.

तो हलला नाही. श्वास चालू होता, लांब लांब, मधे बरीच जागा सोडून. तोंड मिटलेलं. मी गुडघ्यावर बसून त्याच्या ओठांकडं बघत राहिले, हलले तर दिसावेत म्हणून. गालावर तांबडा खडू लागला होता.

खोली एकाएकी हिरवट झाली. खिडकीत ऊन येतं ते अडलं होतं. आदल्या दिवशी शेंडा खिडकीच्या खालच्या कठड्याला होता, मला माहीत आहे, मी बघितलं होतं. आता पानं काचेच्या मधोमध टेकली होती. वारा नव्हता. खाली आई फोनवर कुणाला तरी पत्ता सांगत होती, प्रत्येक शब्द ऐकू येत होता. पानं हलत नव्हती, वाजत नव्हती. पानांच्या मागं, बुंधा जिथं बारीक होत जातो तिथं, काहीतरी माझ्या बाजूला वळल्यासारखं वाटलं. तेवढंच. मी नीट बघितलं नाही. कुणी विचारलं तर मी सांगेन की सावली होती.

बारक्याचे ओठ मिटलेलेच होते. मी त्यांच्यापासून वीतभर लांब होते.

"ताई," काचेपलीकडून आवाज आला. झोपेतून उठल्यावर असतो तसा, बसका, ओळखीचा. "गेला का गं तो करवतवाला?"

उत्तर द्यावं की नाही, याचा विचार करायला मला वेळ मिळाला असता तर मी गप्प बसले असते. पण लहान भावानं घाबरून विचारलं की तोंडातून आपोआप निघतं.

"गेला रे," मी म्हटलं. "घाबरू नकोस. मी आहे."

आणि हे म्हणताना माझी पाठ पलंगाकडं होती.